सव्वा-सव्वा वर्षाची सत्ता

ठाणे जिल्ह्यातल्या एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात लघुलेखिका म्हणून माझी सगळी नोकरी गेली. महासभा असो, स्थायी समिती असो की प्रभाग समिती, सभागृहात कोण काय बोललं ते टिपून घ्यायचं, टंकलिखित करायचं आणि पुढच्या सभेत कायम करण्यासाठी इतिवृत्त तयार ठेवायचं, हे माझं काम. या कामात माणूस कुणाच्या मध्ये येत नाही, त्यामुळे त्याच्यासमोर सगळे मोकळेपणाने बोलतात. दालनात चहा चालू असताना, सभा सुरू व्हायच्या आधी, सभा तहकूब झाल्यावर जे बोलणं होई ते इतिवृत्तात यायचं नाही. पण खरी सभा तीच असे.

एका पक्षाची स्वच्छ बहुमताची सत्ता मी फारशी पाहिली नाही. पाहिली ती वाटणीची सत्ता. अडीच वर्षांचं महापौरपद सव्वा-सव्वा वर्षाचं करायचं, एकाला महापौर तर दुसऱ्याला स्थायी, तिसऱ्याला परिवहन, उरलेल्यांना प्रभाग समित्या. निकालापासून पुढच्या निवडणुकीपर्यंत हे हंगामीपण कधी संपतच नसे. कोणती महापालिका, कोणते पक्ष, कोणती माणसं ते लिहीत नाही, कारण जे सांगायचं आहे ते कुठल्याही एका पक्षापुरतं नाही. खुर्चीवर कोण आहे त्याप्रमाणे भूमिका बदलत गेल्या, भाषणं मात्र तीच राहिली. काल विरोधकांनी केलेलं भाषण आज सत्ताधारी करताना मी जसंच्या तसं टिपलेलं आहे.

राहायला मी शहाडला. शहाडचा काही भाग कल्याण-डोंबिवली महापालिकेत आहे, काही उल्हासनगरच्या. त्यामुळे ऑफिसात एका महापालिकेचं राजकारण आणि घरी आलं की आणखी दोन महापालिकांचं, असं आयुष्य गेलं. २०१५ च्या नोव्हेंबरात कल्याण-डोंबिवलीत शिवसेनेला ५२ आणि भाजपला ४२ जागा मिळाल्या. दोघं एकमेकांच्या विरोधात लढले होते, प्रचारात काय काय बोलले गेले ते आमच्या भागातल्या लोकांना अजून आठवतं. महापौर निवडीच्या दिवशी दोघं एकत्र होते. उल्हासनगरात २०१९ च्या नोव्हेंबरात सभागृहातला सर्वांत मोठा पक्ष भाजप, पण महापौर झाला शिवसेनेचा, कारण भाजपच्याच तिकिटावर निवडून आलेला एक गट पलीकडे गेला. शेजारच्या बायका मला विचारायच्या, "तुम्ही तर तिथंच काम करता, हे आधीच ठरलेलं असतं का हो?" ठरलेलं असतं. पण काय ठरलंय याची प्रत्येकाची आठवण वेगळी असते.

महापालिका कशी चालते हे ठाऊक नसेल तर या वाटणीचा अर्थ लागत नाही. लोकांना महापौर दिसतो. लाल दिव्याच्या काळात तर तोच दिसे. पण पैशाची चावी स्थायी समितीकडे. सोळा सदस्यांची ही समिती निविदा मंजूर करते, अंदाजपत्रक आधी तिच्यासमोर येतं. महासभेत कोणत्या पक्षाचे किती सदस्य आहेत त्या तौलनिक संख्याबळावर सोळा जागा वाटल्या जातात. सभापतीची निवड दरवर्षी. पहिल्या वर्षाच्या शेवटी निम्मे सदस्य चिठ्ठ्या टाकून निवृत्त होतात. उपमहापौर हे मानाचं पद, अधिकार नाममात्र. म्हणून जाणकार गटनेता वाटाघाटीला बसला की महापौरपदावर जोरजोरात भांडतो आणि शेवटी मोठं मन करून ते सोडतो, बदल्यात स्थायी पदरात पाडून घेतो. नवखा गटनेता महापौरपदाचा बुके घेऊन बाहेर येतो.

नोकरीच्या सुरुवातीला हे मला कळत नव्हतं. महापौर निवडीच्या सभेत गुलाल, ढोल, बाहेर फटाके, आणि ज्यांना काहीच मिळालं नाही असं मला वाटलं त्या भागीदार पक्षाचे लोक सर्वांत खूश. आमच्या कार्यालयातला एक जुना शिपाई मला म्हणाला, "मॅडम, आज हार कुणाला घातला ते नका बघू. एप्रिलनंतर फायली कुणाच्या दालनात जातात ते बघा." त्यानंतर मी तेच बघायला शिकले.

चिठ्ठ्यांचा एक प्रसंग सांगते. सत्तेतल्या धाकट्या भागीदाराला दुसऱ्या वर्षी स्थायीचं सभापतिपद द्यायचं ठरलं होतं. उमेदवारही ठरला होता. मवाळ, अभ्यासू माणूस, गोषवारा वाचून सभेला येणारा. असे फार थोडे असतात. चिठ्ठ्या काढायला महापालिकेच्या शाळेतली एक मुलगी आणली होती, निळा गणवेश, तेल लावून घातलेल्या दोन वेण्या. काचेच्या बरणीत सोळा घड्या. एकेक घडी काढून ती नगरसचिवांच्या हातात द्यायची, ते नाव वाचायचे, मी लिहायची. सहावी की सातवी चिठ्ठी त्या माणसाची निघाली. तो हसला आणि म्हणाला, "काही हरकत नाही, पक्ष पुन्हा पाठवेल." नियमाप्रमाणे ते शक्य होतंच. गटनेत्याने बंद लिफाफ्यात नावं द्यायची, महापौरांनी ती महासभेत जाहीर करायची. महासभेच्या दिवशी लिफाफा फोडला तेव्हा त्यात त्याचं नाव नव्हतं. त्याच्याच पक्षाच्या गटनेत्याने दुसरं नाव दिलं होतं.

पुढे सभापतिपदाची निवडणूक आली तेव्हा थोरला भागीदार म्हणाला, आमचा शब्द त्या माणसाला होता, तो तर समितीतच नाही. सभापतिपद थोरल्याकडेच राहिलं. गटनेत्याला काही महिन्यांनी दुसरीकडे काय मिळालं ते सगळ्यांना दिसलं. भागीदाराला पद नाकारायचं असेल तर त्याच्याशी भांडावं लागत नाही, त्याच्या घरातला एक माणूस पुरतो, हे मी त्या लिफाफ्यावरून शिकले. तो अभ्यासू नगरसेवक पुढच्या निवडणुकीला उभाच राहिला नाही. सभागृहाचं ते मोठं नुकसान होतं असं मला आजही वाटतं.

दुसरा प्रसंग राजीनाम्याचा. महापौरपद सव्वा-सव्वा वर्ष वाटून घ्यायचं ठरलं की पहिल्या महापौराकडून पक्ष आधीच राजीनामा लिहून घेतो. सही असते, तारीख नसते. हा कागद पक्षाच्या वरिष्ठांकडे ठेवला जातो. सव्वा वर्ष झालं. भागीदार पक्षाचे लोक आमच्या कार्यालयात रोज यायला लागले. "राजीनामा आला का?" नाही आला. महापौर म्हणत, पक्षाने सांगितलं तर या क्षणी देतो. पक्ष म्हणे, चर्चा सुरू आहे. वरिष्ठ म्हणत, अधिवेशन संपू द्या. मग गणपती आले, मग पितृपक्ष आला, मग आचारसंहिता. राजीनामा द्यायला कुणी नाही म्हणत नव्हतं आणि राजीनामा येत नव्हता. तारीख नसलेल्या कागदावर तारीख कुणी टाकायची, हेच ठरलेलं नव्हतं.

भागीदाराने मग त्याच्या हातात होतं ते केलं. स्थायी समितीत त्याचे सदस्य विरोधकांबरोबर बसले आणि विषय स्थगित व्हायला लागले. फेटाळत कुणीच नसे. फेटाळला की कारण द्यावं लागतं, पेपरात नाव येतं. "अधिक माहितीसह फेरसादर करावा" एवढं म्हटलं की झालं. सूचक एक, अनुमोदक एक, विषय पुढच्या सभेवर. पुढच्या सभेला गणपूर्ती नाही. त्याच्या पुढची सभा दुखवट्याचा ठराव करून तहकूब. कुणीतरी मान्यवर गेलेलेच असत आणि श्रद्धांजलीला कोण विरोध करणार? स्थगित झालेल्या त्या विषयांत नालेसफाईचा प्रस्ताव होता. महिना मे.

शहाडला राहणाऱ्या माणसाला नालेसफाई म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी कुठपर्यंत आली होती ते आमच्याकडच्या माणसांनी पाहिलेलं आहे. तेव्हापासून मे महिना लागला की नाला उघडला का, गाळ काठावरच टाकून ठेवला का, हे बघत जाणं ही आमची सवयच झाली. त्या वर्षी मी ऑफिसात तो विषय स्थगित झाल्याचं लिहिलं आणि घरी येताना गाडीत तेच डोक्यात घोळत राहिलं. शेवटी आयुक्तांनी महापालिका कायद्याच्या ६७(३)(क) या आणीबाणीच्या अधिकारात काम सुरू केलं, तोवर पहिले दोन पाऊस झाले होते. चाळींमध्ये पाणी शिरलं. जुलैच्या महासभेत त्यावर लक्षवेधी आली आणि प्रशासनाच्या नाकर्तेपणावर अतिशय प्रभावी भाषणं झाली. भाषणं करणाऱ्यांत मेमध्ये विषय स्थगित ठेवणारे सूचक आणि अनुमोदक दोघंही होते. माझ्या टेबलावर दोन्ही सभांची इतिवृत्तं एकाच वेळी होती. मी दोन्ही टाइप केली, दोन्ही कायम झाली. ती आजही दप्तरात आहेत. कुणीही नागरिक माहितीच्या अधिकारात अर्ज करून मागू शकतो.

त्या पावसाळ्यानंतर राजकारणाकडे बघायची माझी नजर बदलली. तोवर मला वाटे की युतीतल्या भांडणात दोन पक्षांपैकी एकाचं नुकसान होतं. प्रत्यक्षात दोघांपैकी कुणाचंही होत नव्हतं. महापौराला आणखी काही महिने मिळाले, भागीदाराला पुढच्या वाटाघाटीत जास्तीची समिती मिळाली. भरपाई दोघांनी एकमेकांकडून करून घेतली. चाळीतल्या माणसाला त्या हिशेबात जागाच नव्हती.

उपसूचनांविषयीही लिहायला हवं. महासभेत विषय एक असतो आणि त्याला जोडून उपसूचना येतात. कागद महापौरांच्या टेबलावर जातो, "उपसूचनेसह मंजूर" असं म्हटलं जातं, वाचून दाखवलं जातंच असं नाही. वाटणीच्या सत्तेत उपसूचना हे देवाणघेवाणीचं चलन असतं. तुमच्या विषयाला आम्ही हात वर करतो, आमची उपसूचना त्याला लावा. एका भागातल्या उद्यानाच्या विषयाला दुसऱ्या टोकाच्या रस्त्याची उपसूचना जोडलेली मी टाइप केली आहे. कधी कधी सभा संपल्यावर दुसऱ्या दिवशी कागद घेऊन माणूस येई, "हे कालच्यात राहिलं, घालून घ्या." आमचे एक नगरसचिव अशा वेळी फार ठाम असत. ते म्हणत, माझ्या लघुलेखिकेच्या वहीत असेल तर येईल. माझ्या वहीतल्या रेघोट्यांना एवढं वजन आहे हे मला तेव्हा समजलं आणि नोकरीचा अभिमान वाटला. त्यांची बदली झाली. नंतर आलेल्या साहेबांनी वही मागितली नाही.

हे सगळं महापालिकांतच होतं असं समजू नये. निवृत्तीनंतर कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात जायला सवड मिळाली आणि तिथे १९४६ च्या हंगामी सरकारविषयी वाचलं. २ सप्टेंबर १९४६ ला नेहरूंच्या नेतृत्वाखाली ते सरकार आलं, २६ ऑक्टोबरला मुस्लिम लीग त्यात सामील झाली. खातेवाटपात लीगचा डोळा गृहखात्यावर होता, सरदार पटेल ते सोडायला तयार नव्हते. मग लीगला अर्थखातं गेलं. हे खातं त्यांना पेलणार नाही, असा काँग्रेसमधल्या काहींचा होरा होता. लियाकत अली खान अर्थमंत्री झाले आणि थोड्याच दिवसांत प्रत्येक खात्याचा प्रत्येक खर्चाचा कागद त्यांच्या टेबलावरून जाऊ लागला. ती अडवणूक मौलाना आझादांनी आपल्या आत्मकथनात नोंदवली आहे. फेब्रुवारी १९४७ च्या अंदाजपत्रकात लियाकत अलींनी एक लाखावरच्या व्यापारी नफ्यावर २५ टक्के कर सुचवला. गरिबांचं अंदाजपत्रक म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि काँग्रेसला पैसा पुरवणारे उद्योजक हवालदिल झाले. कर पुढे कमी करावा लागला. देशाच्या इतिहासातलं एवढं मोठं पान, त्यामागे धर्माचं आणि फाळणीचं केवढं ओझं. आमच्या महापालिकेशी त्याची बरोबरी होऊच शकत नाही. पण खातेवाटपाची पानं वाचताना मला आमच्या शिपायाचं बोलणं आठवलं. पोलीस कुणाकडे, मान कुणाकडे याकडे सगळ्यांचं लक्ष, आणि तिजोरी गेली दुसऱ्याकडे.

महाराष्ट्रानेही हे राज्याच्या पातळीवर भोगलं आहे. मार्च १९७८ मध्ये दोन काँग्रेसचं संयुक्त सरकार आलं, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. मुख्यमंत्री एका पक्षाचे, उपमुख्यमंत्री दुसऱ्या पक्षाचे, आणि दोघांचे पक्ष काही महिन्यांपूर्वी एकमेकांतून फुटलेले. जुलैमध्ये ते कोसळलं आणि १८ जुलैला शरद पवारांचं पुलोद सरकार आलं. २०१९ चं तर सगळ्यांना आठवतं. मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षं ठरलं होतं असं शिवसेना म्हणत होती, असं काही ठरलं नव्हतं असं भाजप म्हणत होता. बंद खोलीतल्या बोलण्यावर महाराष्ट्राचं राजकारण उलटंपालटं झालं आणि त्या खोलीतलं इतिवृत्त कुणाकडेच नव्हतं. मी लघुलेखिका आहे, मला हे फार लागलं. बारा कोटींच्या राज्याचा करार, आणि एक टिपण नाही!

चांगलं चाललेलं मी पाहिलंच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. एका काळात आमच्याकडे दोन गटनेते असे होते की दोघांचे पक्ष वर एकमेकांचं तोंड बघत नव्हते. एक बाई, एक बुवा. बाई पूर्वी शिक्षिका होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "भाऊ, मला तोंडी हिशेब जमत नाहीत. लिहून काढू." रेघा मारलेल्या फुलस्केपवर त्यांनी पदं लिहिली, पुढे नाव, पुढे तारीख. तारखासुद्धा अशा की ज्यांच्यावर वाद घालता येणार नाही. "सव्वा वर्षाने" असं न लिहिता "अंदाजपत्रकाची महासभा संपल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी" असं लिहिलं. महापौर एकाचा असताना स्थायी दुसऱ्याची, आणि अदलाबदल झाली की दोन्हीची एकदम अदलाबदल. खाली दोघांच्या सह्या. तीन झेरॉक्स काढल्या, एक प्रत त्यांनी विरोधी पक्षनेत्याला दिली. हे पाहून सभागृहातले सगळे चकित झाले. विरोधकाला कशाला? त्या म्हणाल्या, "आपण शब्द मोडला तर बोंब मारायला कुणीतरी हवं ना?"

तो सोमवार आला तेव्हा महापौर सकाळी साडेदहालाच कार्यालयात आले आणि त्यांनी राजीनामा मला टाइप करायला सांगितला. दोन ओळींचा. त्या कार्यकाळात सभागृहात भांडणं झाली नाहीत असं नाही, खूप झाली. पण कित्येक वर्षं रखडलेलं प्रसूतिगृह त्याच काळात सुरू झालं, कारण त्याची फाइल अडवून कुणालाच काही मिळणार नव्हतं. आज माझ्याकडे तिजोरी आहे, उद्या ती तुमच्याकडे येणार आहे आणि कोणत्या दिवशी येणार तेही जगाला माहीत आहे, अशा स्थितीत माणूस बऱ्यापैकी शहाण्यासारखा वागतो. हे माझं मत अनुभवावरून बनलं आहे, आणि ते चुकीचं ठरवणारा प्रसंग मला तरी भेटला नाही.

आमच्या शहाडमध्येच भागीदारीचं आणखी एक उदाहरण आहे. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलायचं आणि भिवंडीजवळच्या टेमघरला शुद्ध करायचं, ही शहाड-टेमघर योजना, लोक तिला स्टेम म्हणतात. ठाणे, भिवंडी-निजामपूर, मिरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद असे चार भागीदार. चारही ठिकाणी सत्ता वेगवेगळ्या पक्षांची असते, बदलत असते. कुणाला किती पाणी यावर कुरबुरी चालतात, दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवल्याच्या बातम्या येतात. तरी योजना चालते. कुणाचा वाटा किती ते लिहिलेलं आहे, आणि पाणी रोज उचलावंच लागतं. चर्चा सुरू आहे म्हणून पंप थांबवता येत नाही.

इतक्या भांडणांपेक्षा नगरसेवकच नकोत, आयुक्तच बरे, असं म्हणणारे खूप भेटतात. कल्याण-डोंबिवलीत तो प्रयोगही होऊन गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचा कारभार चालला. पाच वर्षांहून जास्त. स्थायीचे आणि महासभेचे अधिकार एकाच टेबलावर. ठराव व्हायचे, पण स्थगित ठेवणारा कुणी नाही आणि जाब विचारणाराही कुणी नाही. नळाला पाणी आलं नाही तर बाईने जायचं कुणाकडे? माझ्या शेजारणी पूर्वी ज्या नगरसेविकेला शिव्या घालत होत्या तिलाच "माजी" असताना फोन करत होत्या आणि ती बिचारी "मला आता अधिकार नाहीत हो" म्हणत होती. भांडणारं सभागृह मी आयुष्यभर पाहिलं, त्याचा वैतागही आला. तरीही रिकाम्या सभागृहापेक्षा ते कितीतरी बरं, हे मी ठामपणे सांगते. सभागृहात निदान मेचं स्थगित आणि जुलैचं भाषण दोन्ही कागदावर येतं.

उत्तर आयर्लंडविषयी मी वाचलं तेव्हा मला ते आमच्या कायद्याच्या जवळचं वाटलं. १९९८ च्या करारानंतर तिथे बहुतेक खाती संख्याबळाच्या सूत्राने वाटली जातात, पक्ष आपापल्या पाळीने खातं निवडतात. सर्वोच्च दोन पदांचे अधिकार सारखे, आणि एकाने पद सोडलं की दुसऱ्याचंही जातं. तिथलं सरकारही वर्षानुवर्षं बंद पडलं आहे, त्यामुळे सूत्राने सगळं सुटतं असा माझा दावा नाही. पण वाटणी कशी झाली यावर तिथे फारसा वाद होत नाही. आपल्या महापालिका कायद्याने समित्यांतल्या जागांना संख्याबळाचा नियम लावला. सभापती, महापौर, अदलाबदल यांना मात्र काहीच लावलं नाही. ते बंद खोलीवर सोडलं. पक्षांतर करणाऱ्याला १९८६ च्या अनर्हता कायद्याने धाक आहे, पक्षादेश मोडला तर पद जाऊ शकतं. शब्द मोडणाऱ्या पक्षाला कुठल्याच कायद्याचा धाक नाही.

१५ जानेवारी २०२६ ला कल्याण-डोंबिवलीत मतदान झालं. १२२ पैकी एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला ५३ आणि भाजपला ५० जागा मिळाल्या. एकट्याचं बहुमत कुणाचंच नाही. म्हणजे पुढची पाच वर्षंही वाटणीचीच.

निकालानंतर प्रत्येक गट नोंदणीसाठी बेलापूरच्या कोकण भवनात जातो, विभागीय आयुक्तांपुढे नावांची यादी, सह्या, शपथपत्रं देतो. त्याच फाइलला आणखी एक कागद जोडावा एवढीच माझी सूचना आहे. कोणतं पद कुणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्या तारखेला सोडलं नाही तर काय. त्याची एक प्रत पहिल्या महासभेच्या पटलावर ठेवावी, म्हणजे ती इतिवृत्तात येईल आणि माझ्या जागी आज जी मुलगी बसली असेल ती टाइप करील. कायदा बदलायची वाट बघायलाही नको, दोन गटनेत्यांनी ठरवलं तर हे उद्या होऊ शकतं. आमच्या त्या शिक्षिकाबाईंनी फुलस्केपवर करून दाखवलं होतं.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या प्रभागातला नगरसेवक आता घरी येईल, सत्कार होतील, हळदीकुंकवाला बोलावणं येईल. त्याला गटाराचं, पाण्याचं विचारालच. त्यासोबत हेही विचारा, की तुमचं आपसात काय ठरलंय आणि ते कुठे लिहिलंय. महासभेला प्रेक्षक गॅलरी असते. माझ्या साऱ्या नोकरीत ती बहुतेक वेळा रिकामीच पाहिली. महिन्यातून एकदा दोघीतिघींनी जाऊन तिथे बसा.